श्रीलंकेचं 'निळं कमळ' आणि झेंड्यावरची उपेक्षा

टिपटिप: शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेचं मुद्रितशोधन करतेय आणि श्रीलंकेच्या पानावर अडलेय. मजकूर असा आहे : 'राजधानी – कोलंबो. राष्ट्रीय फूल – नीलकमळ. राष्ट्रीय वृक्ष – लोखंडी लाकूड. झेंड्यावरील पिंपळाची चार पाने म्हणजे मैत्री, करुणा, आनंद व उपेक्षा.' राजधानीची चूक मलाही दिसते. लोखंडी लाकूड हे कुठल्याही झाडाचं नाव वाटत नाही. पण सगळ्यात जास्त खटकतेय ती उपेक्षा. कुठला देश ती झेंड्यावर मिरवेल? आणि कमळ निळं असतं का हो?

पाणवठा: नसतं. आपल्याकडचं कमळ गुलाबी नाहीतर पांढरं. श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल 'नील मानेल', 1986 पासून. ती निळी वॉटरलिली आहे, आणि तिचं कुळही कमळाहून वेगळं. फूल बघून गोंधळ होतो, म्हणून पान बघा. लिलीचं पान पाण्यावर सपाट पसरतं आणि कडेपासून देठापर्यंत त्याला एक चीर असते, केकचा पातळ तुकडा कापून घेतल्यासारखी. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध, आणि बहुतेक पानं पाण्याच्या वर उभी. आमच्या गच्चीत दोन टबांत दोन्ही आहेत. येणारे पाहुणे दोन्हींना कमळच म्हणतात, मी आता दुरुस्त करायचं सोडलंय.

तसाही मराठी माणूस 'कमळ' फार सढळ हाताने वाटतो. कृष्णकमळ म्हणजे एक वेल, ब्रह्मकमळ म्हणजे निवडुंगाच्या कुळातलं झाड. दोघांचाही तळ्याशी संबंध नाही.

टिपटिप: मग 'निळे कुमुद' लिहू?

पाणवठा: तिथेही गोची आहे. कुमुद म्हणजे पांढरं आणि चंद्रविकासी, निदान काव्यात तरी. नील मानेल दिवसा उमलतं. संस्कृतात याला नेमका शब्द आहे, नीलोत्पल. उत्पल म्हणजे लिली, पद्म म्हणजे कमळ, असा भेद ते लोक करत होते. आपण दोन्ही एकाच टोपलीत टाकली.

आंबटचुका: उत्पलवरून आठवलं. लंकेचा सलामीवीर उपुल थरंगा! सिंहलीत 'उपुल' म्हणजे उत्पलच, पालीतल्या 'उप्पल'वरून आलेलं. थरंगा म्हणजे तरंग. आख्खं तळं बॅट घेऊन खेळायला यायचं आणि आपण इतकी वर्षं नुसत्या धावा मोजत बसलो.

ताई, तुमचं लोखंडी लाकूड तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. ते झाड म्हणजे नागचाफा, सिंहलीत नुसतं 'ना', नागवरूनच. इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर केल्यामुळे ते फर्निचरच्या दुकानात जाऊन बसलं. गोड्या मसाल्यात नागकेशर घालतो ना, ते याच झाडाचं. म्हणजे याचं असायला हवं. त्याच नावाखाली सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्याही विकल्या जातात. माझी आजी वाण्याच्या पुडीतलं नागकेशर तळहातावर पसरून, वास घेऊन मगच पैसे द्यायची.

पिंपळपार: उपेक्षेबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरात हा शब्द रोजचा आहे. मेत्ता (म्हणजे मैत्री), करुणा, मुदिता, उपेक्खा (म्हणजे उपेक्षा) हे बौद्धांचे चार ब्रह्मविहार, मनात जोपासायच्या चार वृत्ती. पिंपळाची पानं झेंड्यावर आली 1972 मध्ये. त्याआधी त्या चार कोपऱ्यांत कळसासारखी टोकं होती. पुस्तिकेतला शब्द चुकीचा नाही, फक्त मराठी वाचक तो चुकीचा वाचणार.

उप + ईक्ष् म्हणजे बघणं, बघत राहणं. बघताना मन कुणाच्या बाजूने वाहून जात नाही, ही एक उपेक्षा. बघूनही लक्ष देत नाही, ही दुसरी. बौद्ध परंपरेने पहिली जपली, पतंजलीच्या योगसूत्रातही मैत्री-करुणा-मुदितांबरोबर तीच येते. संस्कृतात दोन्ही अर्थ नांदले, मराठीने दुसरा तेवढा ठेवला. 'उदासीन'चंही जवळपास असंच झालं. गीतेतला उदासीन तटस्थ आहे, आपला उदासीन तोंड पाडून बसलेला.

मुलांसाठी 'समचित्तता' लिहा. आणि 'आनंद' काढून 'मुदिता' ठेवा. मुदिता म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून होणारा आनंद. शेजाऱ्याच्या मुलाला नव्वद टक्के पडले की जो व्हायला हवा, तो.

टिपटिप: हा शेवटचा दाखला पुस्तिकेत घालायचा मोह होतोय. राजधानीचं नाव मात्र एका ओळीत मावत नाही.

आंबटचुका: श्री जयवर्धनेपुर कोट्टे. 1982 पासून संसद तिथे भरते, कोलंबोच्या अगदी लगत. अध्यक्षांचं कार्यालय अजून कोलंबोतच आहे, त्यामुळे मुलांनी कोलंबो लिहिलं तर अर्धा गुण द्यावा असं माझं मत. नुसतं 'कोट्टे' लिहिलं तरी चालेल. कोट्टे म्हणजे कोट, किल्ला. आपल्या सिंधुदुर्गातल्या राजकोट किल्ल्याच्या नावातलाच कोट.

नगरचंही तसंच. सिंहलीत नगरचं 'नुवर' झालं. आपण जिला कँडी म्हणतो तिला तिथले लोक महानुवर म्हणतात, म्हणजे महानगर. कँडी हे 'कंद' म्हणजे डोंगर या शब्दावरून परक्यांनी केलेलं. गोळी-चॉकलेटशी संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

पाणवठा: आणि पूर्ण पानभर 'लंका' नको, 'श्रीलंका' लिहा. मराठीत नुसती लंका म्हटली की सोन्याची, जळकी, नाहीतर पार्वतीची. 1972 पर्यंत देशाचं अधिकृत नाव सिलोन होतं. आमच्या वडिलांच्या तोंडी ते रेडिओमुळे शेवटपर्यंत राहिलं.

टिपटिप: 'श्रीलंकी' की 'श्रीलंकन'?

पिंपळपार: देशासाठी दोन्ही टाळून 'श्रीलंकेचा' लिहा, मराठीला षष्ठी आहे. फक्त 'सिंहली' हा शब्द सगळ्या श्रीलंकावासीयांना लावू नका. ती एक भाषा आणि एक समाज. तिथल्या तमिळ माणसाला सिंहली म्हणणं म्हणजे बेळगावच्या मराठी माणसाला कन्नडिगा म्हणण्यासारखं.

टिपटिप: अंतिम मजकूर असा करतेय : 'राजधानी – श्री जयवर्धनेपुर कोट्टे. राष्ट्रीय फूल – नील मानेल (निळी वॉटरलिली, संस्कृतात नीलोत्पल). राष्ट्रीय वृक्ष – नागचाफा. झेंड्यावरील पिंपळाची पाने – मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा (समचित्तता).' चित्रकाराने मात्र चक्क कमळ काढून त्याला निळा रंग फासलाय, देठ पानाच्या मधोमध. त्याला फोन करून पानाला चीर द्यायला सांगते.