समुद्राजवळचं जुनं घर: आधी सोलर, आधी स्लॅब की सरळ पाडूनच टाकू?

मधला_भाऊ
नमस्कार मंडळी, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचं साधं आरसीसी घर आहे, तळमजला अधिक एक, वय तीस-पस्तीस. आम्ही तिघा भावंडांनी मिळून ते नीट करायचं ठरवलंय, म्हणजे सुट्टीत सगळे एकत्र राहतील, आईबाबांना जिना चढावा लागणार नाही आणि वीजपाणी होईल तेवढं आपलं आपलं. धाकटा म्हणतो आधी सोलर, ताई म्हणते पाडा आणि नवीन इकोफ्रेंडली बांधा, आणि मी नावाप्रमाणे मधे. मागच्या खोलीच्या छताला सरळ रेषेत लांब चीर आहे, प्लास्टर फुगलंय, हात लावला की पोपडा हातात येतो आणि आत तांबूस डाग. गेल्या वर्षी तेवढाच भाग खरवडून सिमेंट थापून रंग मारला होता, आता त्याला लागूनच परत तेच सुरू. सुरुवात कुठून करू?

सळई_आणि_सिमेंट
"लागूनच परत तेच" यातच तुमचं उत्तर आहे. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड हळूहळू काँक्रीटमधे मुरतं, सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. चीर सरळ रेषेत आहे कारण ती सळईच्या मागोमाग चाललीये. वरवर ठिगळ लावलं की नव्या मालातली सळई वाचते पण ठिगळाच्या कडेला जुन्या, मीठ मुरलेल्या काँक्रीटमधली उलट जास्त जोरात गंजते. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

हातोडीने हलकं वाजवत फिरा, चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि क्लोराइड किती खोल गेलंय ते तपासून घ्या. रिपेअर म्हणजे सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, गंज पूर्ण काढायचा, फार झिजली असेल तर जोडसळई, मग सळईला कोटिंग आणि वरून पॉलिमर मॉर्टर (चिकटपणासाठी पॉलिमर घातलेला सिमेंटचा माल). आणि रेती कधीही समुद्राची नको, फुकट मिळाली तरी.

सोलर त्यानंतर. पॅनल वीस-पंचवीस वर्षं बसतात, खालचा स्लॅब पाच वर्षांत उघडावा लागला तर सगळं उतरवा, परत चढवा.

चुना_प्रेमी
ताईंना माझ्याकडून नम्र विरोध 🙂 जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. पाया आणि भिंती धड असतील तर धडधाकट घर पाडून "इकोफ्रेंडली" बांधणं म्हणजे गंमतच. अर्थात इंजिनिअरच म्हणाला की सांगाडा गेलाय तर मग वाद नाही.

स्वतःची चूक सांगते. आमच्या विटांच्या भिंतीला ओल येते म्हणून मी आतून भारीतला वॉटरप्रूफ रंग मारून घेतला. वर्षभरात रंगाच्या मागे पांढरं मीठ साचलं आणि अख्खा रंग पापडासारखा सुटला. ओल येते कुठून ते आधी बंद करायला हवं होतं. नंतर रंग-प्लास्टर उतरवून चुन्याचा गिलावा केला, भिंत श्वास घेते, मीठ फुललं तर झाडूने झाडते आणि विषय संपतो. घर महिनोन्महिने बंद राहणार असेल तर समोरासमोर जाळीच्या खिडक्या ठेवाच, नाहीतर गाद्यांना बुरशी.

गंज_वैतागू
वरच्या दोघांशी सहमत, माझे सुटे सुटे मुद्दे. बिजागऱ्या, स्क्रू, रेलिंग "स्टेनलेस आहे" एवढ्यावर घेऊ नका, ३१६ ग्रेड मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं, तो धातू खाऱ्या हवेतला गंज रोखतो. नेहमीच्या ३०४ ग्रेडवर थोड्याच दिवसांत चहा सांडल्यासारखे डाग येतात. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला स्टीलचा स्क्रू असेल तर मधे नायलॉन वॉशर, नाहीतर स्क्रू शाबूत आणि भोवतालची फ्रेम भुगा. पॅनल घेताना सॉल्ट मिस्टची (खाऱ्या फवाऱ्यात टिकतं का याची) आयईसी ६१७०१ टेस्ट झालीये का विचारा, इन्व्हर्टर आडोशाला.

पाणी: १०० चौरस मीटर छतावर १० मिमी पाऊस म्हणजे १००० लिटर, पहिलं पाणी सोडून बाकीचं साठवा. विहीर असेल तर तिला मोठा पंप लावून सारखी उपसू नका. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी १ मीटर खाली गेली तर खालचं खारं ४० मीटर वर सरकतं. एकदा विहीर खारट झाली की लवकर सुधारत नाही.

मधला_भाऊ
खूप आभार सगळ्यांचे. काल हातोडी घेऊन मागची खोली वाजवली, बद्द वाजेल तिथे खडूने गोल केला. मला वाटलं होतं चिरेपुरतंच असेल, पण जवळजवळ अर्धं छत खडूने भरलं 😐 फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकलाय, धाकट्याने सोलरवाल्याला थांबायला सांगितलं, ताईने अजून फक्त अंगठा दिलाय. पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येतोय.

सळई_आणि_सिमेंट
तो येईपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपवू नका. आणि समुद्राकडच्या बाल्कनीचा स्लॅब खालून वाजवायचा राहिला असेल तर इंजिनिअरलाच वाजवू दे, पोपडा केव्हा डोक्यात पडेल नेम नाही.