शब्दचर्चा : रिपोर्टमध्ये आजार ‘निघतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : ‘डेंग्यू निघाला’, ‘शुगर निघाली’, ‘काही निघालं नाही’ असं आपण सर्रास बोलतो. आरोग्यावरच्या एका मजकुरात मी ‘निघाला’ लिहिलं, तर संपादकांनी ते खोडून ‘अहवाल सकारात्मक आला’ केलं. डेंग्यू होण्यात सकारात्मक काय आहे? पण मग ‘निघाला’ तरी बरोबर आहे का?

प्रतिसाद : ‘सकारात्मक’ बादच करा. कोविडच्या काळात ‘होकारार्थी’ही वाचलं होतं, अर्थाला ते बरं, पण तोंडी रुळलं नाही. सरळ ‘पॉझिटिव्ह’ लिहा.

प्रतिसाद : ‘निघाला’ची अडचण वेगळी आहे. आजार आत दडून बसला होता आणि चाचणीनं तो बाहेर काढला, असं ते क्रियापद गृहीत धरतं. चाचणी मोजते भलतंच : एखादं प्रथिन, प्रतिपिंड (म्हणजे जंतूंशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रथिनं), साखर. त्यावरून आजार आहे असं म्हणणं हा आपला तर्क. विडाल चाचणी घ्या. १८९६ पासून चालत आलेली. ती टायफॉइडचे जंतू शोधतच नाही, त्यांच्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड शोधते. टायफॉइड पूर्वी होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा संसर्ग दुसराच असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. घरी मात्र एकच वाक्य पोचतं, ‘टायफॉइड निघाला’.

प्रश्नकर्ता : पण चाचणी ९९ टक्के अचूक असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता ९९ टक्केच ना?

प्रतिसाद : नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. ‘अचूक’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबल्या जातात. आजारी माणसांपैकी किती जण चाचणीला सापडतात ती संवेदनशीलता. निरोगी माणसांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते ती विशिष्टता. (‘संवेदनशीलता’ म्हटलं की आपल्याला हळवं मन आठवतं, त्याला इलाज नाही.)

आता हिशेब. आजार हजारात एकाला आहे. संवेदनशीलता ९९ टक्के, विशिष्टता ९५ टक्के. एक लाख लोक तपासले. आजारी १००, त्यातले ९९ सापडले. निरोगी ९९,९००, पण त्यांतलेही पाच टक्के, म्हणजे ४,९९५ जण पॉझिटिव्ह आले. एकूण ५,०९४ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९९. दोन टक्केसुद्धा नाहीत! तीच चाचणी, दहातल्या एकाला आजार असेल अशा, म्हणजे लक्षणं असलेल्या, गटात केली तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास ६९ टक्के खरे निघतात. चाचणी बदलली नाही, ती कोणाची केली ते बदललं. म्हणून ‘चाळणी चाचणी’ (लक्षणं नसलेल्यांचीही सरसकट केलेली) आणि ‘निदान चाचणी’ (आजार खरंच आहे का ते ठरवणारी) हे शब्द वेगळे ठेवावेत. पहिलीत अडकलेल्याची दुसरी करायची असते.

प्रतिसाद : एवढा कीस पाडलात तर लोक तपासण्याच टाळतील. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन थायरॉइडची जन्मजात कमतरता पकडतात. वेळेत औषध सुरू झालं तर मतिमंदत्व टळतं. तिथे थोडे खोटे पॉझिटिव्ह आले तर येऊ देत.

प्रतिसाद : मान्य, कारण तिथे लवकर कळल्यानं पुढचं बदलतं. उलट उदाहरणही थायरॉइडचंच आहे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीनं गळा तपासण्याची लाट आली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान पंधरापट झालं. मृत्युदर होता तिथेच राहिला. म्हणजे गाठी खऱ्याच होत्या, ‘निघाला’ हा शब्द तिथे अगदी चपखल होता. पण त्यातल्या बहुतेकांनी कधी त्रासच दिला नसता. अनेकांची थायरॉइड ग्रंथी मात्र गेली आणि गोळ्या जन्मभराच्या लागल्या.

प्रतिसाद : ‘नॉर्मल’बद्दलही कोणी बोला. संदर्भमर्यादा, म्हणजे रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची कक्षा, बहुधा निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचीही एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. रिपोर्टमध्ये ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार नव्हे.

प्रश्नकर्ता : मग मी काय लिहू? ‘डेंग्यू आढळला’?

प्रतिसाद : ‘आढळणे’ चालेल, पण जे आढळलं त्याचंच नाव लिहा : ‘रक्तात डेंग्यूचं एनएस१ प्रतिजन आढळलं’ (प्रतिजन म्हणजे इथे विषाणूचंच एक प्रथिन). आणि ‘काही निघालं नाही’ला हात लावू नका, ते अगदी नेमकं आहे. एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसांत सापडतं, आयजीएम प्रतिपिंड साधारण चार-पाच दिवसांनंतर. चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी केली तर डेंग्यू असूनही काही निघत नाही. संपादकांनी त्याचं ‘डेंग्यू नाही’ केलं, तर भांडा.