गोदा ठेवावं का? मत हवंय

ऋता, शुक्रवार रात्र

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या जेवणाची चर्चा चालू असताना मध्येच घुसतेय, राग मानू नका. मला छत्तिसावा आठवडा चालू आहे. मुलगी आहे. घरात नावावरून जे चाललंय ते तुमच्यापुढे मांडते, कारण आई आणि सासूबाई दोघींचं ऐकून झालंय, आणि जिने हो म्हणावं असं वाटलं होतं ती नाही म्हणतेय, जिची धास्ती होती ती खूश आहे.

मला 'गोदा' ठेवायचंय. गोदावरी नाही, नुसतं गोदा. माझं माहेर नाशिकला, पंचवटीत. पावसाळ्यात पूर आला की आम्ही तो दुतोंड्या मारुतीवर मोजायचो. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आज छातीला लागलं. शाळेला सुट्टी कधी मिळणार हे मारुतीच्या अंगावर कळायचं. नवरा आंध्रातल्या राजमहेंद्रीचा. म्हणजे ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी आधी माझ्या घराशेजारून जाते आणि पार तिकडे त्याच्या गावाला पोचते. पुढे धवळेश्वरच्या बंधाऱ्याखाली तिला फाटे फुटतात. १४६५ किलोमीटरची नदी, आणि आम्ही दोघं भेटलो ते इथे अमेरिकेत, जिथे जानेवारीत नळही गोठतो.

आईचं म्हणणं, "अगं, गोदा म्हणजे आपल्या वाड्यात पोळ्या लाटायला यायची ती गोदाक्का. तपकीर ओढायची. नातीला हाक मारली की मला तीच दिसणार." सासूबाईंकडे मात्र गोदा म्हणजे साक्षात गोदादेवी, विष्णुभक्त तमिळ संत कवयित्री आंडाळ. धनुर्मासाच्या शेवटी, भोगीला, त्यांच्या देवळात गोदाकल्याणम्, म्हणजे तिचं देवाशी लग्न, असतं. त्यांना हे नाव जुनं वाटतच नाही, सोवळ्यातलं वाटतं.

घाई अशासाठी की इथे हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या आधी जन्मदाखल्याचा फॉर्म पुढ्यात ठेवतात. बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करेपर्यंत नाव सरकारदरबारी जाऊन बसलेलं असेल. तेव्हा मोकळेपणाने सांगा. "छान आहे" एवढंच लिहू नका.

ऋता


वसंतकाका, शनिवार पहाट

चि. ऋता,

मोकळेपणाने विचारलंस म्हणून लिहितो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलींच्या नावाचा नियम आहे: उच्चाराला सोपं, अर्थ स्पष्ट, कानाला गोड, शेवट दीर्घ. गोदा यात पैकीच्या पैकी गुण घेते. पण तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात नक्षत्र, झाड किंवा नदी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं म्हटलं आहे. तेव्हा एका अध्यायात पास आणि दुसऱ्यात नापास.

व्यवहाराचंही बघ. 'मीरा', 'माया' ही नावं दोन्हीकडे चालतात. फारच ओढ असेल तर गोदा मधलं नाव ठेव. कागदावर राहील, नदीचाही मान राहील.

आशीर्वाद.


मृण्मयी, शनिवार

ऋताताई,

मी इथेच वाढले, आणि माझं नाव वरती दिसतंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत दर सप्टेंबरला नवीन बाई हजेरी घ्यायच्या आणि एका जागी येऊन थांबायच्या. त्या थांबल्या की मी हात वर करायचे. नाव उच्चारलं जायचंच नाही. कॉफीच्या दुकानात मी अजूनही मिया आहे.

गोदाचा प्रश्न वेगळा. कुणी थांबणार नाही. सगळे धडाधड वाचतील आणि चुकीचं वाचतील. इथल्या लोकांच्या जिभेला आपला 'द' नाही. तो 'ड' होणार. म्हणजे तुझी मुलगी गोडा. आता तूच सांग, आपल्या घरात गोडा कुठे असतो? स्टीलच्या डब्यात, हिंगाच्या शेजारी. आमटीत चमचाभर.

वर्गातली मुलं त्याचं 'सोडा'शी यमक जुळवणार हे धरूनच चाल. पण खरं सांगू? ज्याची चेष्टा होतेय ते नाव निदान लोकांच्या तोंडात तरी असतं. मला माझं नाव चुकीचं म्हटलेलंही चाललं असतं.

मी गोदाच्या बाजूने. आणि मधलं नाव ही पळवाट आहे, सॉरी काका.

मृण्मयी


चिटणीस, शनिवार

सर्वांना विनंती: पाडव्याच्या जेवणासाठी किती माणसं ते रविवार रात्रीपर्यंत कळवा. श्रीखंडाचा चक्का आधी बांधायला लागतो. नावाच्या चर्चेला उत्तर देताना "आम्ही चौघं" असं लिहिलेल्या तीन मेल मला आल्या आहेत, त्या जेवणाच्या धरतोय. चूक असेल तर सांगा.


शुभदा (मराठी शाळा), शनिवार रात्र

ऋता,

काकांनी शास्त्र काढलंय तर आधी तेवढं निस्तरते. काका, तो नवव्या श्लोकातला नियम बायको निवडण्याचा आहे, मुलीचं नाव ठेवण्याचा नाही. आणि तो आपल्याकडे कुणी पाळला असता तर आपल्या पणज्यांची लग्नंच झाली नसती. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भीमा, तापी. माझ्या एका आजीच्या घरी तर भांडी घासायची बाई यमुना, शेजारीण गंगूबाई आणि नणंद कृष्णाबाई. ओसरीवर नुसता संगम.

'म्हातारं नाव' या मुद्द्याकडे येते. गोदा नावाच्या बाया आपल्याला म्हाताऱ्याच का आठवतात? तरुण गोदांचं काय झालं? १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी ज्या विधवेशी लग्न केलं आणि त्यापायी मुरुडला बहिष्कार सोसला, ती देवरुखची गोदूबाई. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. लग्नात तिचं नाव आनंदी केलं, पुढे ती सगळ्यांची बाया झाली. आज बाया कर्वे म्हटलं की ओळख पटते, गोदू म्हटलं तर कुणाला कळणार नाही. बंडखोर लग्न केलं, तरी नाव बदलायचं राहिलं नाही.

दुसरी गोदा मात्र नाव टिकवून राहिली. गोदावरी परुळेकर, पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, वकिलीची पदवी घेतलेली. १९४५च्या सुमाराला तलासरी-उंबरगावकडे वारल्यांमध्ये जाऊन राहिली आणि वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली. वारली लोक तिला गोदाराणी म्हणत. सोलापूरजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला नाव गोदूताईंचं. तेव्हा ऋता, तुझ्या आईला म्हणावं, वाड्यातल्या गोदाक्काच्या शेजारी या गोदेलाही जरा जागा करा.

आणि वाड्यातल्या गोदाक्काचंही मला वाईट वाटतं हो. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं नाव म्हणून ते नको, यातलं 'म्हणून' मला खटकलं. आईला दुखवायचं नाहीये.

शुभदा


वसंतकाका, रविवार पहाट

शुभदाताईंचा मुद्दा मान्य. श्लोक लग्नाचाच आहे, मी घाईत ओढून आणला.

मृण्मयीच्या 'गोडा'वरून मात्र रात्री एक आठवलं, झोप लागली नाही. सातवाहनांच्या काळातल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये गोदेला 'गोला' म्हणतात. म्हणजे तिच्याच काठी, पैठणला राज्य असताना, आपल्याच लोकांनी 'द'चा 'ल' केला होता. गोला नदीच्या काठचे वेत, गोलेचा पूर, गोलेकाठी भेटायला आलेली ती दोघं. तेव्हा अमेरिकन बाईने 'ड' म्हटलं तर तिला फार बोलू नका.

मधल्या नावाची सूचना मागे घेत नाही.


प्रसाद (आईच्या वतीने), रविवार दुपार

नमस्कार. आई सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे. मी या मेल तिला मोठ्याने वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, लिही. ती सांगतेय तसं लिहितोय, मध्ये मी काही घातलेलं नाही.

"ऋताबाई, मी सुनीता. म्हणजे १९६६ पासून. त्याआधी मी गोदावरी, कोपरगावची. नदी आमच्या मागच्या दाराला. घरात गोदी म्हणायचे. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात 'सुनीता' लिहिलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, गोदावरी फार जुनं वाटतं, आता नवीन नावं आहेत. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू, सुनीता मला आवडलं होतं. सिनेमातलं वाटायचं.

त्रास पुढे झाला. अकरावीच्या दाखल्यावर गोदावरी आणि रेशन कार्डावर सुनीता. पासपोर्ट काढायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणतो, ह्या दोन बाया आहेत. मग वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच. त्याच्यावर मी सही केली ती सुनीता अशी केली. वकील म्हणाले, आजी, कंसात गोदावरी लिहा. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. 'द'ला काना की 'दा'वर काही, हात थांबला.

गोदी म्हणणारा माझा थोरला भाऊ होता. तो फोनवर 'काय गोदे' म्हणायचा. तो गेला तेव्हापासून कुणी म्हणत नाही.

काका म्हणतात मधलं नाव ठेवा. तसं करू नका. कागदावर माझंही आहे. नाव ठेवायचं तर हाक मारायला ठेवा, नाहीतर नका ठेवू, मीरा काही वाईट नाही.

आणि पोळ्यांच्या बाईचं नाव म्हणून नको म्हणणाऱ्या आईला सांगा, मीही आयुष्यभर पोळ्याच लाटल्या."

शेवटचं वाक्य काढू का विचारलं, तर नको म्हणाली.

आम्ही जेवायला पाच. हे खरंच जेवणाचं आहे.

प्रसाद


मृण्मयी, रविवार दुपार

आजी, तुम्हाला पाडव्याला मी गोदाआजी म्हटलं तर चालेल का? आधी विचारलेलं बरं. तांदळासारखं नको.


प्रसाद, रविवार दुपार

हसतेय. म्हणाली, गोदाआजी नको, म्हातारं वाटतं. गोदी म्हण.


वसंतकाका, रविवार संध्याकाळ

सूचना मागे.


ऋता, सोमवार

मंडळी,

सगळ्या मेल आईला फोनवर वाचून दाखवल्या. प्रसाद, तुझ्या आईचं शेवटचं वाक्यही. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "गोदाक्काचं पूर्ण नाव काय होतं गं? आपल्याला कधी कळलंच नाही." आणि मग लगेच, "ती तपकीर ओढायची हे मात्र खरं."

अजून हो म्हणालेली नाही. पण काल कुंचीचं माप विचारत होती आणि बोलता बोलता 'तुझ्या त्या गोदेचं डोकं' असं म्हणाली. मी काही बोलले नाही.

आता नवीन भांडण. इंग्रजीत लिहायचं कसं? मी म्हणते चार अक्षरं, जी, ओ, डी, ए. सासूबाई म्हणतात डीनंतर एच हवाच, त्यांच्याकडे 'द' तसाच लिहितात. पण एच घातला की आमच्या नाशिकचे लोक 'गोधा' वाचणार, आणि गोधा म्हणजे घोरपड. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. काका, तुम्ही सांगाल का? तुमचं त्या ऐकतात.

आम्ही जेवायला तिघं, सासूबाई धरून. डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलंय, त्यामुळे पंगतीत वाढायला माझा उपयोग नाही. आणि मंडळाचा लाकडी पाळणा शेवटी कोणाकडे नेला होता? त्याची एक कडी सैल आहे असं ऐकलंय.

ऋता


चिटणीस, सोमवार

पाळणा माझ्या गराजमध्ये. कडी दुरुस्त करून ठेवतो. जेवायला आता एकशे बारा, आणखी मेल नकोत.