लॅपटॉपवर उबंटू २४.०४, गाळ्यावर २०.०४ : बिल्ड आणि टेस्टसाठी वेगळी जागा कशी करू?

काटापट्टी_नागपूर

नमस्कार. कळमना मार्केटमधल्या एका संत्रा अडत्यांसाठी प्रोग्रॅम लिहून राहिली आहे. गाडी काट्यावर चढली की वजन सिरियल केबलने संगणकात येतं, हर्रासाचा भाव टाकला की हमाली-तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. कोड सी++ मध्ये, स्क्रीनसाठी क्यूट, नोंदी एसक्यूलाइटमध्ये.

माझ्या लॅपटॉपवर उबंटू लिनक्सची २४.०४ आवृत्ती आहे. गाळ्यावरच्या संगणकावर २०.०४, आणि मृग बहाराचा माल संपेपर्यंत शेठ त्याला हात लावू देणार नाहीत. लॅपटॉपवर बांधलेली फाइल तिथे नेली की 'जीलिबसी २.३८ सापडली नाही' म्हणते (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) आणि बंद होते. शिवाय टेस्ट चालवल्या की त्या माझ्याच होममधल्या डेटाबेसमध्ये खोट्या गाड्या टाकून ठेवतात. घरी काटा नाही तो भाग वेगळाच.

मला अशी जागा पाहिजे जिथे २०.०४ असेल, माझ्या फाइलींना धक्का लागणार नाही आणि दर वेळी कोरी मिळेल. रॅम ८ जीबी. डॉकर, व्हर्च्युअल मशीन, की आणखी काही?

बुटीबोरी_बायनरी

स्टॅटिक लिंक करून टाका, म्हणजे सगळ्या लायब्ररी फाइलीतच भरा, विषय संपला.

मानेवाडा_मेकफाइल

स्टॅटिकने विषय संपत नाही, भाऊ. क्यूट आपले प्लगइन, म्हणजे वेगळ्या फाइलींतले जोडभाग, प्रोग्रॅम चालू असताना उचलतं, आणि जीलिबसी स्टॅटिक केली की नेमकं तिथेच अडतं. एसक्यूलाइट मात्र सोर्समध्येच घेऊन सोबत बांधता येतं. त्यावर खाली लिहितो.

ताई, अर्धं उत्तर त्या एररमध्येच आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. २०.०४ मध्ये ती २.३१ आहे, २४.०४ मध्ये २.३९. मग तुमची फाइल नेमकी २.३८ का मागते? काट्याकडून आलेल्या अक्षरांचा आकडा करायला तुम्ही कुठेतरी 'एसटीआरटीओएल' किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं वापरलं असणार. २.३८ पासून जी++ ने कंपाइल केलं की हे फंक्शन आतल्या आत 'आयएसओसी२३' लागलेल्या नव्या नावाला जोडलं जातं. तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. ते काढून टाकलंत तरी पुढे २.३४ अडवेल, कारण मेन सुरू करून देणाऱ्या फंक्शनला त्या आवृत्तीत नवी खूण लागली. नव्या मशीनवर बांधलेला नुसता 'नमस्कार' छापणारा प्रोग्रॅमसुद्धा २.३४ मागतो. बांधलेल्या फाइलीच्या आतलं दाखवणाऱ्या ऑब्जडंपला कॅपिटल टी देऊन फाइल उघडा, कोण काय मागतंय ते एकेका ओळीत दिसेल. म्हणून कोडशी झटापट करत बसू नका, बांधायची जागाच २०.०४ करा.

माझी पसंती डेबूटस्ट्रॅप आणि त्यावर एससीएचरूट. पहिला एका डिरेक्टरीत दुसरी उबंटू उतरवतो, दुसरा त्या डिरेक्टरीलाच पूर्ण सिस्टिम समजून आत काम करू देतो. अशा जागेला सीएचरूट म्हणतात. ८ जीबीवर व्हर्च्युअल मशीन चालेल, पण ब्राउझर आणि एडिटर उघडे ठेवून सारखं कंपाइल करताना जीव मेटाकुटीला येईल. सीएचरूटला वेगळी रॅम द्यावी लागत नाही. आत जे आहे ते आपण मागवलेलं असतं, आणि एकदा उतरवलं की नेट लागत नाही. मे महिन्यात भरदुपारी लाईट जाते, राउटर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर असतो. तेव्हाही बिल्ड झालंच पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

डेबूटस्ट्रॅपला व्हेरियंट 'बिल्डडी', रिलीजचं नाव 'फोकल' (२०.०४ चं टोपणनाव) आणि एक रिकामी डिरेक्टरी द्या. तो फक्त मूळ रिलीजची पॅकेजं आणतो, म्हणून अपडेट्स, सिक्युरिटी आणि युनिव्हर्सच्या ओळी सोर्सेस लिस्टमध्ये हाताने घाला. इथे घाई करू नका. गाळ्यावर जाल तेव्हा त्या संगणकावरची डीपीकेजीची, म्हणजे टाकलेल्या पॅकेजांची, यादी पेनड्राइव्हवर घेऊन या, आपल्या सीएचरूटची यादी काढा आणि डिफने दोन्ही ताडून पाहा. संगणक वाचायला शेठ नाही म्हणणार नाहीत. क्यूटची आवृत्ती, एसक्यूलाइटची आवृत्ती, लोकॅल, फॉन्ट, सगळं त्यांच्यासारखं झालं की मगच ती जागा त्यांच्या गाळ्याच्या बरोबरीची.

मग एससीएचरूटच्या कॉन्फिगमध्ये युनियन टाइप 'ओव्हरले' करा. सेशन उघडलं की मूळ डिरेक्टरीवर एक तात्पुरता थर चढतो, सेशन संपलं की थर जातो. कोरी जागा हीच. पण डिफॉल्ट प्रोफाइल तुमचं खरं होम आत जोडून देतं, आणि त्यावर ओव्हरले नसतो! म्हणजे खोट्या गाड्या पुन्हा तुमच्याच डेटाबेसमध्ये. प्रोफाइलची कॉपी करा, आत काय जोडायचं ते लिहिलेल्या तिच्या एफएसटॅब फाइलीतली होमची ओळ काढा, आणि फक्त सोर्सची डिरेक्टरी तेवढी जोडा.

आता टेस्ट. पुष्कळ जण जुन्यात बांधतात आणि टेस्ट आपल्या नव्या सिस्टिमवर चालवतात. ते मला अजिबात पटत नाही. एसक्यूलाइटचंच घ्या. २०.०४ मध्ये ते ३.३१ आहे, २४.०४ मध्ये ३.४५. इन्सर्टच्या शेवटी 'रिटर्निंग' लिहून नव्या पावतीचा नंबर परत घेत असाल, तर ती सोय ३.३५ ला, म्हणजे २०२१ मध्ये आली. लॅपटॉपवर टेस्ट हिरवी, गाळ्यावर पहिल्याच गाडीला सिंटॅक्स एरर, आणि मागे शेतकरी उभा. म्हणून जिथे बांधलं त्याच वातावरणात टेस्ट. नाहीतर एसक्यूलाइटचा सोर्स प्रोजेक्टमध्ये घ्या, म्हणजे दोन्हीकडे एकच आवृत्ती राहील.

काटा नसला तरी चालतं. 'सोकॅट' दोन खोटे सिरियल पोर्ट बनवून एकमेकांना जोडतो. एका टोकाला तुमचा प्रोग्रॅम, दुसऱ्या टोकाला खऱ्या काट्याकडून एकदा नोंदवून आणलेल्या ओळी. अर्धवट ओळीही पाठवा. गाडी काट्यावर हलत असताना वजन स्थिर नसतं, त्या वेळची ओळ पट्टीवर जाता कामा नये.

सदर_पॉडमन

वरचं सगळं मान्य, पण ज्यांना कंटेनरची सवय आहे त्यांनी २०.०४ ची इमेज घेऊन पॉडमन वापरावं. ते डॉकरसारखंच आहे, पण रूटशिवाय, म्हणजे सिस्टिमच्या मालकाचे अधिकार न घेता चालतं. डॉकर ग्रुपमध्ये आलेला माणूस जवळपास रूटच असतो, हे लक्षात ठेवा. टेस्टच्या वेळी नेटवर्क 'नन' द्या, म्हणजे बंद ठेवा, म्हणजे एखादी टेस्ट गुपचूप बाहेरून काही आणत असेल तर लगेच उघडी पडते.

एक धोका सांगतो. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ४ ला काट्यावर चढलेल्या गाडीची तारीख आत आदल्या दिवसाची दिसेल. टाइमझोन डेटा टाका आणि टीझेड या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता द्या. ते पॅकेज टाकताना प्रश्न विचारत थांबून राहतं, म्हणून डेबियन फ्रंटएंड 'नॉनइंटरॅक्टिव्ह' करा.

काटापट्टी_नागपूर

मानेवाडा भाऊ, मनापासून आभार. ऑब्जडंपमध्ये अगदी तेच नाव निघालं, आयएसओसी२३ वालं. सीएचरूटमध्ये बांधलेली फाइल आता २.३१ च्या वर काहीच मागत नाही. आणि 'रिटर्निंग' दोन जागी होतं, टेस्ट तिथेच पडल्या. सदर भाऊंचं वाचून सीएचरूटचंही घड्याळ पाहिलं, तिथेही यूटीसीच होतं, ते बदललं. आता विचारते, सोकॅटवर सगळं हिरवं झालं तर थेट गाळ्यावर लावू का?

मानेवाडा_मेकफाइल

थेट नको. सोकॅटच्या खोट्या पोर्टवर बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) कितीही चुकीची ठेवली तरी डेटा नीटच येतो, खऱ्या केबलवर कचरा येतो. शिवाय सीएचरूटमध्ये कर्नल तुमच्या लॅपटॉपचाच असतो, त्यामुळे यूएसबी-सिरियल ड्रायव्हरची परीक्षा तिथे झालेलीच नाही. बाजाराच्या सुटीच्या दिवशी शेठची परवानगी काढा, त्यांच्याच संगणकावर वेगळ्या डिरेक्टरीतून, रिकाम्या डेटाबेसवर चालवा, आणि वजन माहीत असलेली एखादी गाडी काट्यावर चढवून पाहा. जो युजर रोज तिथे लॉगिन करतो तो 'डायलआउट' ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात) आहे का तेही तेव्हाच बघून घ्या. नसेल तर पोर्ट उघडणारच नाही, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर त्याला एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं.