कॉसमॉस साडेतीन फूट वाढला, पण एकही कळी नाही

मुलुंडचं ग्रिल
तिसरा मजला, पूर्वेचं ग्रिल. १२ इंची दोन कुंड्या, प्रत्येकीत चार रोपं. गुलाबी-पांढरं मिश्र बियाणं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं होतं. आता जानेवारी संपत आला. पानं बडीशेपेसारखी, हिरवीगार, पण झाडं बुंध्यातून कलंडतायत. माती निम्मी लाल, निम्मं गांडूळखत. दर पंधरा दिवसांनी मोहरीच्या पेंडीचं पाणी देतो, साधं पाणी रोज. ऊन सकाळी ८ ते ११. काय बदलू?

लाल माती
पेंड आजच बंद करा. निम्मं गांडूळखत हेच कॉसमॉसला फार झालं, त्यावर पेंडीतलं नत्र. नत्र मिळत राहिलं की हे झाड पानं काढत बसतं, फुलावर येत नाही आणि दांडा पोकळ-लुसलुशीत होऊन कलंडतो. मूळचं मेक्सिकोचं आहे, निकस जमिनीत छान फुलतं. पुढच्या पेरणीला दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती आणि कुंडीला फक्त दोन मुठी गांडूळखत घ्या. आता माती बदलू नका, मुळं दुखावतील. एका कुंडीत दोनच रोपं ठेवा. जास्तीची उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. बुंध्याशी कात्रीने कापा. पाणी रोज नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या.

गच्चीवाली
खताबद्दल सहमत, पण तीन तासांचं ऊनही कमीच आहे. निदान पाच-सहा तास हवं. कुंड्या ग्रिलच्या अगदी बाहेरच्या कडेला सरकवा. आणखी एक, तिथे रात्री दिवा असतो का? गुलाबी कॉसमॉस लांब रात्रीत लवकर कळ्या धरतो. या दिवसांत मुंबईत रात्र साधारण १३ तासांची असते, पण उजेड अंगावर पडत राहिला तर झाडाला ती लहानच वाटते.

मुलुंडचं ग्रिल
हो! सोसायटीचा एलईडी बरोबर समोर आहे, रात्रभर चालू. आणि आता शेंडा खुडू का?

गच्चीवाली
मग संध्याकाळी त्या बाजूला जाड कापड अडकवा, सकाळी काढा. शेंडा आता मुळीच खुडू नका. ती वेळ रोप ८-१० इंचांचं असताना, पानांच्या चार जोड्या आल्यावर. तेव्हा खुडलं की बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड बुटकं, भरगच्च होतं. आता खुडलंत तर होऊ घातलेली कळीच जाईल आणि नवी येईपर्यंत मार्चचा उकाडा गाठेल. बांबूची काठी रोवा, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. घट्ट बांधली तर पोकळ दांडा तिथेच चिरतो.

शेंडा रोज जवळून बघा. कळी आधी हिरव्या मण्यासारखी दिसते, भोवती आठ अरुंद हिरवी टोकं पसरलेली. तिथेच मावा ही बारीक कीड बसते, काळे-हिरवे ठिपके दिसले तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

लाल माती
फुलं सुकली की नुसतं डोकं तोडू नका, दांडा खालच्या पानापर्यंत कापा, तिथून नवी कळी येते. आणि जूनमध्ये पिवळा-नारिंगी कॉसमॉस पेरा. पानं जरा रुंद असतात, उकाडा आणि दमटपणा गुलाबीपेक्षा खूपच चांगला सोसतो. मात्र कुंडीच्या तळाची भोकं मोकळी हवीत, पावसाचं पाणी साचलं की मुळं कुजतात.