वसंताच्या तोंडावर मोठ्या जलाशयावरची मासेमारी : आखणीचे अनुभव

हिवाळा सरत आला की गळाने मासे धरणाऱ्यांची पावले पाण्याकडे वळू लागतात, परंतु वर्षातला हाच काळ आखणीचा सर्वांत जास्त कस पाहतो. पाणी अजून गार असते, मासा सुस्त असतो, आणि मैलोगणती पसरलेल्या जलाशयाच्या अगदी थोड्या भागात तो गळाला लागण्याजोगा असतो. या दिवसांतली सहल दिनदर्शिकेपेक्षा पाण्याचे तापमान, पाणीपातळी आणि वारा या तिघांवरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. रजा आधीच मंजूर झालेली असेल तर तारीख हलवता येत नाही हे खरे, पण जागा नक्कीच हलवता येते. म्हणून मी निघण्यापूर्वी खोलीचा नकाशा समोर घेऊन दोन वेगळ्या याद्या करतो : पाणी अपेक्षेइतके तापले असेल तर कुठे जायचे, आणि गारच राहिले असेल तर कुठे जायचे. आपण ही आखणी कशी करता, कशावर विसंबता आणि कशाकडे दुर्लक्ष करता, हे या चर्चेच्या धाग्यावर प्रत्येकाने आपापल्या नोंदीत सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

* * *

माझी आखणी थर्मामीटरपासून सुरू होते. मासा शीतरक्ताचा असल्याने त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर चालतो. पाणी पाच-सहा अंश सेल्सिअसवर असताना त्याचे पचन इतके मंद असते की भक्ष्यामागे धावण्याची त्याला फारशी गरजच उरत नाही. साधारण 8 ते 10 अंशांच्या पुढे लार्जमाउथ बास हिवाळी खोल पाणी सोडून उथळाच्या दिशेने सरकू लागतो आणि विणीसाठी त्याला सुमारे 15 ते 20 अंश लागतात. पाइक मात्र बर्फ वितळताच गवताळ उथळात अंडी घालतो, तर कॉमन कार्प पाणी 17-18 अंशांपर्यंत येण्याची वाट पाहतो. त्यामुळे कोणत्या माशासाठी जायचे हे ठरल्याखेरीज केव्हा जायचे या प्रश्नाला उत्तरच नसते.

धरणाच्या जलाशयाचे एक वैशिष्ट्य इथे कामी येते. भिंतीजवळचे पाणी खोल आणि नितळ असल्याने उशिरा तापते. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, जिथे नदी-ओढे येऊन मिळतात, तिथले उथळ आणि गढूळ पाणी लवकर तापते, कारण गढूळ पाणी आणि काळसर तळ ऊन अधिक शोषून घेतात. डोंगरावरचे बर्फ वितळून येणारा ओढा असेल तर मात्र हा हिशेब उलटतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या काठाला दक्षिणेचे ऊन थेट मिळते आणि उत्तरेचा गार वाराही तिथे अडतो, म्हणून माझ्या नकाशावर सर्वांत आधी खूण होते ती त्या काठाच्या आत शिरलेल्या उथळ खाचांवर.

थर्मामीटर मी सुतळीला बांधते आणि सुतळीवर दर अर्ध्या मीटरला एक गाठ मारते. तो पाण्यात सोडल्यावर दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा, झटकन वर ओढावा आणि लगेच वाचावा. एकाच खाचेत सकाळी 8 अंश असलेले पृष्ठभागाचे पाणी निरभ्र दिवशी दुपारी तीनच्या सुमारास 11 अंशांवर गेलेले मी पाहिले आहे, आणि त्या तीन अंशांनी सकाळभर निर्जीव वाटणाऱ्या जागी छोट्या माशांची हालचाल सुरू झाली होती. या ऋतूत पहाटे उठण्याचा आग्रह मी धरत नाही. माझा मुख्य वेळ दुपारी बारा ते सूर्यास्त असा असतो.

* * *

वरील मजकुराला वाऱ्याविषयी एक जोड देतो. उबदार वारा दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहत राहिला तर पृष्ठभागावरचे तापलेले पाणी तो समोरच्या काठाकडे ढकलत नेतो, आणि लहान मासे व त्यांच्यामागचे मोठे मासेही तिकडे गोळा होतात. त्यामुळे मी हवामानाचा अंदाज पाहताना येणाऱ्या दिवसांबरोबर मागच्या तीन दिवसांची वाऱ्याची दिशाही टिपून ठेवतो.

* * *

माझ्या मते मोठ्या जलाशयाच्या बाबतीत पाणीपातळीला तापमानाइतकेच वजन द्यायला हवे. पूरनियंत्रणासाठी अनेक धरणांची पातळी हिवाळ्यात मुद्दाम खाली ठेवली जाते आणि वसंतात ती पुन्हा भरली जातात. पातळी, आवक आणि विसर्ग यांचे आकडे अनेक धरणांची व्यवस्थापने रोज प्रसिद्ध करतात; मी निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते वहीत उतरवून घेतो, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा असतो. पाणी चढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या गवतात आणि झुडपांत शिरतो. पाणी झपाट्याने उतरत असेल तर तो उथळ जागा सोडून जवळच्या खोल कडेला जातो, आणि अशा वेळी खाचेच्या आत गळ टाकत बसण्यापेक्षा तिच्या तोंडाशी, जुन्या ओढ्याचे पात्र जिथे वळते तिथे थांबणे शहाणपणाचे ठरते. नाव उतरवण्याचा उतार पाण्यापर्यंत पोहोचतो की चिखलातच संपतो, हेही पातळीवरूनच कळते.

पातळी अगदी खाली असतानाची एक फेरी मी गळ न घेता करतो. त्या वेळी एरवी पाण्याखाली असणारी सोंड (काठापासून पाण्यात शिरलेला जमिनीचा निमुळता भाग), जुन्या रस्त्याचा बांध, झाडांचे बुंधे, दगडांच्या राशी असे सर्व उघडे पडलेले असते. प्रत्येक जागेची छायाचित्रे काढून काठावरच्या एखाद्या न हलणाऱ्या खुणेशी ती जोडून ठेवली की पाणी भरल्यावर ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या कोणत्याही सोनार यंत्रापेक्षा ही माहिती मला अधिक उपयोगी पडते. जलाशयाच्या तळाशी इतक्या मोकळेपणाने ओळख करून घेण्याची संधी दुसऱ्या कोणत्याच ऋतूत मिळत नाही, आणि ती सोडू नये असे मला मनापासून वाटते.

* * *

माझ्याकडे नाव नाही, म्हणून मी काठावरून जिथे खोल पाणी हाताशी येते अशाच जागा निवडते. खोल पाण्यात शिरलेली सोंड ही त्यांतली पहिली. दुसरी म्हणजे बांधाचे दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर, अर्थात तिथे मासेमारीला परवानगी असेल तरच : उन्हात तापलेले दगड लगतच्या पाण्याला ऊब देतात आणि त्यांच्या फटींत छोटे जीव लपलेले असतात. अशा ठिकाणी काठाशी काटकोनात गळ लांब फेकण्याऐवजी मी काठाला समांतर टाकते. पाण्यात तरंगत थांबणारे कृत्रिम आमिष एक हलका झटका देऊन तसेच सोडून द्यावे, मनात दहापर्यंत मोजावे आणि मगच पुन्हा हलवावे. गार पाण्यातला मासा बहुधा त्या थांबलेल्या क्षणीच आमिष तोंडात घेतो. हिसका जाणवत नाही, फक्त दोरीचा पाण्यावरचा सैल बाक किंचित सरळ होताना दिसतो. तो दिसावा यासाठी ध्रुवीकृत काचांचा चष्मा मी रॉडइतकाच आवश्यक मानते.

* * *

नाव घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितो. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या नावेची तपासणी घरी, दिवसाउजेडी व्हावी : थंडीत बॅटरीची क्षमता घटते, इंधन शिळे होते, ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस बदलावे लागते, आणि तळाचा बूच जागेवर असल्याची खात्री पाण्यात उतरण्यापूर्वीच करावी लागते.

मात्र सर्वांत आधी लाइफ जॅकेट. ते नावेत असून चालत नाही, अंगावर हवे, कारण हवा कितीही उबदार असली तरी पाणी हिवाळ्याचेच असते. बर्फासारख्या गार पाण्यात पडल्यावर पहिले सुमारे एक मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, त्यानंतर साधारण दहा मिनिटेच हातपाय उपयोगी हालचाल करू शकतात, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागू शकतो. म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धोका पहिल्या मिनिटातच असतो, आणि त्या मिनिटात जॅकेट चढवणे शक्य नसते. शिवाय लांबरुंद जलाशयावर वाऱ्याला धावायला मोठा पट्टा मिळतो व लाटा पाहता पाहता वाढतात. त्यामुळे मी परतीचा मार्ग आडोशाच्या काठाने आखतो, आणि कुठे जाणार व केव्हा परतणार हे घरी लिहून ठेवतो.

* * *

हा विणीच्या आधीचा काळ आहे, याची आठवण मला करून द्यावीशी वाटते. या दिवसांत गळाला लागणारी मोठी मादी बहुतेक वेळा अंड्यांनी भरलेली असते. अनेक ठिकाणी काही जातींसाठी या काळात मासेमारी बंद असते, तेव्हा परवान्याबरोबर चालू वर्षाचे नियम वाचणे हा आखणीचाच भाग आहे. सोडायचा मासा ओल्या हातांनी, दोन्ही हातांवर आडवा पेलून धरावा आणि शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये; हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर कल्ल्यांना काही क्षणांतच इजा होऊ शकते. दुसऱ्या जलाशयावर जायचे असेल तर नावेतले, बादलीतले सर्व पाणी काढून नाव, जाळी व बूट पूर्ण वाळवावेत. एका जलाशयातून दुसऱ्यात पसरणाऱ्या उपद्रवी झेब्रा शिंपल्याच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि थोड्याशा पाण्यातूनही प्रवास करतात.

* * *

दोरीबद्दल कोणी लिहिलेले नाही. मोनोफिलामेंट (एकाच सलग तंतूची) दोरी गारठ्यात रिळावरची वळणे धरून ठेवते आणि मग हलके आमिष नीट फेकता येत नाही. ती आदल्या दिवशीच नवी भरावी आणि एकदा ताणून घ्यावी.

* * *

सहल सुरू असतानाच थंडीची लाट आली तर काय करावे, याचे माझे उत्तर थोडक्यात देतो. मासा अशा वेळी हिवाळ्याच्या मूळ जागी परतत नाही. तो जवळच्या पहिल्या खोल उतारावर उतरून तळाशी चिकटतो. म्हणून मी जागा न सोडता खोली बदलतो : दोन मीटरवर टाकत असलेला जिग (वजनदार डोक्याचे गळाचे आमिष) पाच-सहा मीटरवर नेतो, आकाराने लहान करतो आणि तळावरून जवळजवळ सरपटत आणतो. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या दोन याद्यांमध्ये मी प्रत्येक उथळ जागेसमोर तिच्या लगतचा खोल उतार लिहून ठेवतो, म्हणजे गारठ्यात नकाशा उलगडून शोधत बसावे लागत नाही.