मदत हवी आहे: ग्रिलमधल्या कुंडीत पक्ष्याने अंडं घातलंय, रंगारी रविवारी येणार

शमा_ऐरोली · गुरुवार, सकाळी ८:१०
हॉलच्या ग्रिलमधल्या कुंडीत पक्ष्याने अंडं घातलंय, पण त्यावर बसतच नाही. येतो, जरा थांबतो, उडून जातो. अंडं वाया गेलं का? दिवाळीआधी ग्रिलला ऑइल पेंट द्यायचाय आणि रंगारी फक्त रविवारी मोकळा आहे. कुंडी बेडरूमच्या खिडकीत हलवली तर चालेल का? लवकर सांगा प्लीज, आज त्याला कळवायचंय.

रानपाखरू · ८:२५
कोणता पक्षी? अंडी किती, पहिलं कधी दिसलं? एवढं सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार?

कोपरी_पूर्व · ८:३१
कबुतरच असणार. एकदा जागा धरली की वर्षभर पिच्छा सोडत नाहीत. सरळ जाळी मारून घ्या. नायलॉनची, भोक दोन इंचांपेक्षा मोठं नको, हुक अर्ध्या-अर्ध्या फुटावर. हुक लांब ठेवले की जाळी मध्ये झोळते आणि कबुतर खालून घुसतं.

रानपाखरू · ८:३८
त्यांनी जाळीबद्दल विचारलंय का? आत घरटं असताना जाळी मारली तर पक्षी बाहेर आणि अंडी आत. आधी पक्षी कोणता ते ठरू द्या.

शमा_ऐरोली · ९:०२
कबुतर नाही हो, त्याहून लहान. तपकिरी, मानेवर ठिपके. अंडं एकच, पांढरं, काल सकाळी दिसलं. चार काड्या टाकल्यात, त्याला घरटं तरी म्हणायचं का?

येऊरवाट · ९:२०
ठिपके मानेच्या मागे की पुढे? मागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला होला. पुढे गळ्याशी तांबूस रंगावर काळे ठिपके असतील तर छोटा होला. अंड्याच्या रंगावरून कळणार नाही, कबुतराचंही पांढरंच असतं. लांबी बघा, हात न लावता. होल्याचं साधारण इंचभर, कबुतराचं दीड इंच.

शमा_ऐरोली · ९:४१
मागे. बुद्धिबळाच्या पटासारखे. अंडं इंचभरच.

येऊरवाट · १०:०५
मग ठिपकेवाला होला. अंडं वाया गेलेलं नाही. होला दोन अंडी घालतो, दुसरं साधारण एक दिवस सोडून येतं, आणि ते येईपर्यंत नीट बैठक धरत नाही. पहिल्याच अंड्यावर बसला तर एक पिल्लू दोन दिवस आधी निघेल आणि धाकटं खायला मागे पडेल. उद्या दुसरं दिसेल. दिवस तिथून मोजायचे: उबवणीला १४ ते १६, मग उडेपर्यंत जवळजवळ तेवढेच. म्हणजे महिनाभर. कबुतर असतं तर नुसती उबवणीच १७ ते १९ दिवस आणि पिल्लं पुढे महिनाभर जागेवर.
घरटं तेवढंच असतं. खालून पाहिलं तर काड्यांमधून अंडं दिसतं. कुंडीत असल्यामुळे उलट घरंगळायची भीती कमी.

घोडबंदर_मी · १०:११
याला आमच्याकडे कवडा म्हणतात. होला वेगळा.

येऊरवाट · १०:१६
दोन्ही नावं चालतात. कोकणात कवडा, पक्षिनिरीक्षकांच्या यादीत ठिपकेवाला होला. पक्षी एकच.

गच्चीबाग · १०:३०
कुंडी रोज वीतभर सरकवत न्या. चार-पाच दिवसांत पक्ष्याला कळतही नाही.

रानपाखरू · १०:३६
एकाच गच्चीत, मध्ये आडोसा नसेल तर कधी जमतं. हॉलमधून बेडरूममध्ये नाही. होला कुंडी ओळखत नाही, जागा ओळखतो. कुंडी नेली तर तो जुन्या जागी येऊन रिकाम्या पट्टीवर बसेल आणि अंडी पलीकडे गार होतील. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याची अंडी फोडणं आणि घरट्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत मोडतं.

गच्चीबाग · १०:४२
हात लावला तर पक्षी घरटं सोडतो हेही आता सांगाल.

रानपाखरू · १०:५०
नाही. माणसाच्या वासाने सोडत नाही, सारखं दचकवल्याने सोडतो. होला उठतो तो फडफड करत एकदम उठतो आणि त्या झटक्यात अंडं काठाबाहेर जाऊ शकतं. म्हणून पडदा ओढा, काच हळू सरकवा, बसलेला असताना मोबाइल जवळ नेऊन फोटो काढू नका.

खाडीकाठ · ११:१५
ऐरोलीत राहता, फ्लेमिंगो सोडून होला काय बघता! फ्लेमिंगोंची घरटी कुठे दिसतील इथे?

येऊरवाट · ११:२२
ठाणे खाडीत दिसणार नाहीत. ते इथे खायला येतात, अंडी कच्छच्या रणात घालतात. वेगळा धागा काढा ना.

शमा_ऐरोली · शुक्रवार, दुपारी १२:१०
दुसरं अंडं आलं!! सकाळपासून कुणीतरी बसूनच आहे. पण कावळे फार जवळ येतात. हाकलले की पुन्हा हजर. काय करू?

येऊरवाट · १२:१८
कावळे नेमके त्याच ग्रिलवर का येतात? तिथे काही खायला ठेवता का?

शमा_ऐरोली · १२:२५
हो, सासूबाई पितृपक्षापासून रोज सकाळी पोळीचा घास ठेवतात. कुंडीच्या बाजूच्या पट्टीवर. ते सांगायचं डोक्यात आलं नाही.

येऊरवाट · १२:३३
ताई, हेच आधी हवं होतं. आज संध्याकाळच्या आत ती पट्टी ओल्या फडक्याने पुसा, कण राहू देऊ नका. घास गच्चीत किंवा इमारतीच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. कावळ्याला अंडं दिसलं की एका फेरीत दोन्ही जातात. सर्वांत धोक्याची वेळ जोडी बदलते ती. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास नर बसतो, दुपार काढतो, चार-पाचनंतर मादी येते आणि रात्रभर तीच. दोघं दिसायला सारखे, म्हणून एकच पक्षी वाटतो. तुमचा घास नेमका सकाळच्या बदलीच्या आसपास असतो.

कोपरी_पूर्व · १२:४०
सासूबाईंना दुखावू नका, गच्चीतला घासही कावळाच खातो. आणि रंगाऱ्याचं काय ठरवलं?

रानपाखरू · १२:५५
रविवारी बोलवा, पण हॉलचं ग्रिल सोडून. पॉलिश पेपरने गंज घासला की ग्रिल थरथरतं, पक्षी लगेच उठेल. टर्पेंटाइनचा वास कोंडतो आणि ओला रंग पायाला चिकटून अंड्यावर जातो. बेडरूम आणि किचन आता, हॉल महिन्याने. त्याच रंगाचा लहान डबा बाजूला ठेवायला सांगा, नंतर छटा जुळत नाही.
कंदील या खिडकीत नको. झिरमिळ्या वाऱ्याने हलतात. फटाक्यांच्या वेळी काच बंद, पडदा ओढलेला. रात्री मादी उडाली तर अंधारात परत येत नाही, अंडी सकाळपर्यंत उघडी.

शमा_ऐरोली · १:२०
रंगारी तयार झाला, हॉल नंतर. सासूबाई म्हणाल्या घास उद्यापासून गच्चीत. कुंडीत चिनी गुलाब आहे, तो सुकतोय. पाणी घालू का?

गच्चीबाग · १:३४
वरून ओतू नका. कुंडीखाली ताटली ठेवा, तिच्यात अर्धी वाटी पाणी घाला, माती खालून ओढून घेईल. तासाभराने उरलेलं काढा, नाहीतर डास होतील. खालची भोकं मुळांनी बुजलेली असतील तर माती पाणी ओढणार नाही, मग पलीकडच्या कडेने चमच्याने घाला. चिनी गुलाब कोरड्यात तगतो, दहा दिवसांतून एकदा पुरे. खत अजिबात नको.

रानपाखरू · १:४१
हे पटलं. पाणी नर-मादी बदलताना घाला, तेव्हा पक्षी आपणच उठलेला असतो.

शमा_ऐरोली · १:४५
ताटली ठेवते. आत्ता डोळे मिटून बसलाय.